उसाच्या रसातला चिकट बॅक्टेरिया, १६एस पीसीआरला बँडच येईना

करवीर_मायक्रो:
नमस्कार सगळ्यांना. मी एमएस्सी मायक्रोबायोलॉजी सेकंड इयरला आहे, कोल्हापूरलाच. प्रोजेक्ट गुऱ्हाळातल्या रसावर घेतलंय. करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळातून चरकाखालच्या टाकीतला रस आणला, ताजा नाही, टाकीच्या तळाला कोपऱ्यात जो जुना रस साचून राहतो तो, बोट बुडवून वर घेतलं की लांब तार सुटते त्याला. १० टक्के साखरेच्या अगारवर स्ट्रीक केलं तर दोन दिवसांत मोठ्या फुगीर पारदर्शक बुळबुळीत कॉलन्या आल्या, प्लेट उलटी ठेवली तर झाकणावर ओघळतात इतक्या. ग्रॅम पॉझिटिव्ह कोकाय, जोडीने नाहीतर छोट्या साखळीत, कॅटलेज निगेटिव्ह. लूकोनोस्टॉक असणार असा अंदाज आहे पण सरांना १६एस सिक्वेन्स पाहिजे, म्हणजे बॅक्टेरियाची ओळख पटवणाऱ्या १६एस जीनची अक्षरं वाचलेली.

अडचण अशी की त्या जीनच्या कॉप्या काढायचा पीसीआर लागतच नाहीये. साखरेच्या ब्रॉथमध्ये रात्रभर वाढवून फिनॉल क्लोरोफॉर्मने डीएनए काढला, आयसोप्रोपॅनॉल घातलं की ट्यूबमध्ये पांढरा मोठा गोळा येतो, मला वाटलं वा काय डीएनए मिळालाय. नॅनोड्रॉपला (डीएनए मोजायचं मशीन) ९०० नॅनोग्रॅम दाखवतो, शुद्धता दाखवणारं २६०/२८० चं रेशो १.७ पण २६०/२३० फक्त ०.४. प्रायमर २७एफ आणि १४९२आर, अनीलिंग ५५ डिग्री, ३५ सायकल. कंट्रोल म्हणून लावलेल्या ई. कोलायच्या डीएनएला जेलवर १५०० अक्षरांच्या आसपास झक्क बँड येतो, माझ्या आयसोलेटच्या, म्हणजे रसातून वेगळ्या केलेल्या जंतूच्या, लेन सगळ्या रिकाम्या. आणि वरून डीएनए न घातलेल्या निगेटिव्ह कंट्रोलला अगदी पुसट बँड दिसतो तो वेगळाच ताप. कोण म्हणतं प्रायमर बदल, कोण म्हणतं नवीन किट मागव. सबमिशन जवळ आलंय, कुणी नीट सांगेल का काय करू?

जेलडॉक:
प्रायमरला हात लावू नका. ई. कोलायला बँड येतोय म्हणजे टॅक (कॉपी करणारं एन्झाइम), डीएनटीपी (डीएनएची सुटी अक्षरं), मॅग्नेशियम, मशीन, प्रायमर सगळं ठीक आहे, दोष तुमच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे घातलेल्या डीएनएमध्ये आहे. २७एफ आणि १४९२आर हे जवळजवळ सगळ्या बॅक्टेरियात जिथे सिक्वेन्स बदलत नाही अशा जागी बसतात, लूकोनोस्टॉकला ते चालतात.

आधी हे बघा की टेम्प्लेट कमी पडतंय की टेम्प्लेटसोबत आलेलं काहीतरी टॅकला अडवतंय. त्यासाठी सोपी टेस्ट आहे, ई. कोलायच्या ज्या डीएनएला बँड येतो त्याच ट्यूबमध्ये तुमच्या आयसोलेटचा एक मायक्रोलिटर घाला आणि पीसीआर लावा. ई. कोलायचा बँडपण गायब झाला तर इनहिबिशन आहे हे पक्कं. बँड तसाच राहिला तर मग डीएनएच नाहीये ट्यूबमध्ये किंवा तुकडे झालेत. ही टेस्ट न करता लोक महिनाभर अनीलिंग टेंपरेचर खालीवर करत बसतात.

त्याच रनमध्ये तुमचा डीएनए १:१० आणि १:१०० डायल्यूट करून पण लावा. इनहिबिटर असेल तर डायल्यूशनला तो पातळ होतो आणि डीएनए पीसीआरपुरता उरतोच. ९०० च्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, नॅनोड्रॉप २६० नॅनोमीटरचा प्रकाश जे जे शोषतं ते सगळं मोजतो, आरएनए पण त्यातच येतो, तुम्ही आरनेज (आरएनए तोडणारं एन्झाइम) वापरलं का ते लिहिलं नाही. आणि ०.४ चा २६०/२३० म्हणजे ट्यूबमध्ये डीएनएपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त आहे, २ च्या आसपास पाहिजे तो. ०.८ टक्के अगारोजवर जिनोमिक डीएनए नुसता पळवून बघा काय दिसतं.

करवीर_मायक्रो:
दादा आरनेज नव्हतं वापरलं. जिनोमिक पळवून बघितला, वेलमध्येच अडकून चमकतंय, खाली सरकतच नाही आणि अगदी खाली आरएनएचा धूर. लोड करतानाच जाणवतं, पिपेटच्या टिपमधून सुटत नाही, वेलमधून दोरीसारखं वर येतं. तुम्ही सांगितलेली मिसळायची (स्पाइक) टेस्ट केली, ई. कोलायचा बँड गेला!! १:१०० ला एका आयसोलेटला पुसट बँड आला पण सिक्वेन्सिंगला पाठवण्यासारखा नाही.

शाहूपुरी_मॅडम:
मी मायक्रोबायोलॉजी शिकवायचे, आता रिटायर झाले. बाळ, तुझा प्रॉब्लेम पीसीआरच्या कितीतरी आधी सुरू झालाय, ब्रॉथमध्ये.

तुझ्या कॉलनीचा जो चिकटपणा आहे तो डेक्स्ट्रान आहे. लूकोनोस्टॉक डेक्स्ट्रानसुक्रेज नावाचं एन्झाइम पेशीच्या बाहेर सोडतो, ते साखरेचा म्हणजे सुक्रोजचा रेणू फोडतं, त्यातलं ग्लुकोज एकाला एक जोडून लांबच लांब साखळी बनवतं आणि फ्रुक्टोज मोकळं सोडतं. हे लक्षात घे की त्याला सुक्रोजच लागतं, नुसतं ग्लुकोज दिलं तर ही साखळी बनत नाही, कारण जोडायला लागणारी ताकद सुक्रोजच्या त्या बंधातूनच येते. आणि लूकोनोस्टॉकमध्ये ते एन्झाइम तयार व्हायलाच बहुतेक वेळा सुक्रोज समोर असावं लागतं.

आता तू १० टक्के साखरेत रात्रभर वाढवलंस, म्हणजे डेक्स्ट्रानचा कारखानाच चालवलास. मग आयसोप्रोपॅनॉल घातलंस. डेक्स्ट्रान अल्कोहोलमध्ये खाली बसतो, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये रसातला डेक्स्ट्रान मोजायची जी हेझ मेथड आहे ती याच गुणावर आहे, अल्कोहोल घालून किती गढूळ झालं ते बघतात. तुझा पांढरा गोळा बहुतांश तोच. शुद्ध डीएनए तेवढ्या कल्चरमधून आला तर ट्यूबच्या भिंतीला पातळ पारदर्शक पापुद्रा दिसतो किंवा बारीक धागे, पांढराशुभ्र गोळा आला की शंका घ्यायची.

म्हणून सुक्रोजच्या प्लेटवरून एकच सुटी कॉलनी घेऊन ती एमआरएस अगारवर शुद्ध कर, एमआरएसमध्ये ग्लुकोज असतं. दोनदा स्ट्रीक कर, कारण चिकट कॉलनीत दुसरे जंतू अडकून येतात आणि मग सिक्वेन्सला डबल पीक दिसतात. तिथे कॉलन्या बारीक, पांढरट, न ओघळणाऱ्या येतील, बघून दचकू नको, जंतू तोच आहे. मग एमआरएस ब्रॉथमध्ये ३० डिग्रीला वाढव, ३७ ला नको, याला थंडच बरं. फार जुनं कल्चर घेऊ नको, वाढ जोरात असतानाच काढ, म्हातारी पेशी फोडायला जड जाते. पेलेट सलाईनने दोनदा धू. साखरेच्या ब्रॉथमध्ये तुझा पेलेट नीट बसतच नसेल, सुपरनेटंट ओतताना सगळंच घसरून जात असेल, इथे तो टणक बसेल आणि तिथेच तुला फरक कळेल.

ग्रॅम पॉझिटिव्ह आहे म्हणून लायसोझाइम विसरू नको, १० ते २० मिलीग्रॅम प्रति मिली, ३७ डिग्रीला तासभर. नंतर एसडीएस आणि प्रोटीनेज के. आणि मग सीटॅब (एक डिटर्जंट) घाल, पण त्याच्या आधी ५ मोलरचं सोडियम क्लोराईड घालायचं, हा क्रम महत्त्वाचा. मीठ ०.७ मोलरच्या वर असलं की सीटॅब उरलीसुरली पॉलिसॅकराईड आणि प्रोटीन धरून ठेवतं आणि डीएनए पाण्यातच राहतो, मग क्लोरोफॉर्म घातलं की तो पांढरा थर मध्ये अडकतो आणि वरचं स्वच्छ पाणी तेवढं उचलायचं. मीठ कमी पडलं तर सीटॅब डीएनएलाच धरून खाली बसतं आणि हातात काहीच राहत नाही. ६५ डिग्रीला १० मिनिटं. मधला पांढरा थर टिपने ढवळू नको, थोडं पाणी मागे राहिलं तरी चालेल, हावरटपणा करू नको.

गुळवाला_करवीर:
मॅडम आणि ताई, मी हे सगळं वाचतोय, निम्मं डोक्यावरनं गेलं पण सोडवत नाही. आमचं घरचं गुऱ्हाळ हाय, आज्ज्यापासनं. ही तार सुटायची गोष्ट आमच्याकडं लई जुनी हाय, गुळव्या लगेच ओळखतो, म्हणतो रस उतरलाय, आता ढेप बसायची नाय. मग गूळ मऊ पडतो, रंग काळपट येतो आणि यार्डात सौद्याला भाव पडतो. आमाला वाटायचं उसाचाच दोष. म्हणजे हे जंतूचं काम हाय व्हय? आणि ते पीसीआर म्हणजे नक्की काय करता ओ तुमी, जंतू सूक्ष्मदर्शकात दिसतोय तर तेवढं पुरत नाय का?

करवीर_मायक्रो:
दादा तुमचा प्रश्न लई भारी आहे, जमेल तसं सांगते. सूक्ष्मदर्शकात फक्त गोल गोल ठिपके दिसतात, आणि असे गोल जंतू ढीगभर प्रकारचे असतात, दह्यातले वेगळे, घशातले वेगळे, दिसायला सारखेच. म्हणून त्यांच्या डीएनएमधला एक ठराविक भाग वाचतात, १६एस म्हणतात त्याला, साधारण १५०० अक्षरांचा. तो प्रत्येक बॅक्टेरियात असतोच कारण त्याच्याशिवाय प्रोटीन बनत नाही, काही जागी सगळ्यांत सारखा असतो आणि मधे मधे प्रत्येकाचा वेगळा, त्या वेगळ्या जागांवरून ओळख पटते.

पण तो भाग इतका थोडा असतो की थेट वाचता येत नाही, म्हणून त्याच्या कॉप्या काढायच्या, ते पीसीआर. ९५ डिग्रीला डीएनएच्या दोन दोऱ्या सुट्या होतात, ५५ ला प्रायमर म्हणजे छोटे तुकडे आपापल्या जागी चिकटतात आणि ७२ ला टॅक नावाचं एन्झाइम पुढची दोरी बनवतं. एका फेरीत एकाचे दोन, दोनाचे चार, ३० फेऱ्यांत हिशोबाने १०७ कोटीच्या वर जातं. टॅक ज्या जंतूतून आलं तो अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यातला आहे म्हणून ९५ डिग्रीला पण ते मरत नाही. कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये ही युक्ती काढली आणि १९९३ ला नोबेल मिळालं, सुरुवातीला ई. कोलायचं एन्झाइम वापरायचे, ते प्रत्येक फेरीत तापवलं की खराब व्हायचं आणि दर वेळी हाताने नवीन घालायला लागायचं.

शाहूपुरी_मॅडम:
गुऱ्हाळाचं मी सांगते. अहो सगळा दोष जंतूच्या माथी मारू नका. ऊस तोडला की त्याच्या आतलीच एन्झाइम्स सुक्रोज फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करायला लागतात, त्याला इन्व्हर्जन म्हणतात, आणि ती साखर वाढली की गूळ कडक बसत नाही. त्यात तोडलेल्या टोकातून लूकोनोस्टॉक आत शिरतो, साखर खातो, डेक्स्ट्रान करतो, आम्ल करतो, आणि आम्लाने इन्व्हर्जन आणखी वाढतं. काहिलीत उकळल्यावर जंतू मरतो पण डेक्स्ट्रान मरत नाही, तो उकळीला टिकतो. म्हणून तार सुटलेला रस उकळून सुधारेल असं नाही. उपाय तुम्हालाही माहीत आहे, तोडलेला ऊस २४ तासांच्या आत चरकाला लावायचा, उन्हात ढीग मारून ठेवायचा नाही, आणि रसाची टाकी, पन्हळ, फडकी रोज काम संपल्यावर गरम पाण्याने घासून धुवायची. तळाचा कोपरा आणि पन्हळीचा सांधा, तिथेच तो राहतो. उद्याच्या ताज्या रसाला विरजण तिथूनच लागतं.

गुळवाला_करवीर:
मॅडम, सांधा म्हणालात ते एकदम बरोबर, आमच्या पन्हळीला जोडाच्या ठिकाणी हात लावला की बुळबुळीत लागतं, पोरं वरनं पाणी मारून मोकळी हुत्यात. आज तारेच्या ब्रशनं घासून घेतो. आणि ताई तुमाला अजून नमुने पाहिजेत तर या आमच्याकडं, चरक चालू असताना या म्हंजे ताजा, टाकीतला, काहिलीतला सगळा मिळंल. पण मळी काढायला भेंडीचा चिक घालतो, त्याच्या आधीचाच घ्या हं, भेंडीनं पण रस चिकट हुतो, तुमचा घोळ व्हायचा.

जेलडॉक:
गुळवाले दादांचा मुद्दा सोन्यासारखा आहे. भेंडीचा चिक पण पॉलिसॅकराईडच, थेट रसातून डीएनए काढणार असाल तर तो पण टॅकला अडवेल. नमुना कुठल्या टप्प्याचा ते वहीत लिहूनच ठेवा.

सँगर_वाला:
मी सिक्वेन्सिंग लॅबमध्ये काम करतो. किटबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. चिकट कल्चर थेट किटच्या सिलिका कॉलममध्ये (डीएनए धरणारी गाळणी) घालू नका, कॉलम चोंदतो, बफर खाली उतरतच नाही आणि महागडं किट वाया जातं. मॅडमनी सांगितलं तसं ग्लुकोजमध्ये वाढवून धुतलेला पेलेट असेल तर किटपण चालेल, पण मग सीटॅबने पण तितकंच चांगलं येतं, पैसे वाचवा.

निगेटिव्ह कंट्रोलचा पुसट बँड, याला घाबरू नका पण दुर्लक्षपण करू नका. टॅक बॅक्टेरियातच बनवतात, बहुतेक ई. कोलायमध्ये, त्यामुळे एन्झाइमच्या बाटलीतच थोडा बॅक्टेरियाचा डीएनए असतो आणि १६एसचे प्रायमर सगळ्यांनाच धरतात. ३५ सायकलऐवजी ३० करा, बहुतेक जाईल. नाही गेला तर नवीन पाणी घ्या, मग नवीन अॅलिकॉट, एका वेळी एकच गोष्ट बदला. मिक्स बनवायची जागा आणि पीसीआर झालेली ट्यूब उघडायची जागा वेगळी ठेवा, पिपेट पण वेगळी. निगेटिव्ह स्वच्छ झाल्याशिवाय सिक्वेन्सिंगला पाठवू नका, तुमच्या पुसट बँडमधून लूकोनोस्टॉकच्या ऐवजी ई. कोलाय वाचून येईल आणि तुम्ही थीसिसमध्ये गुऱ्हाळात ई. कोलाय सापडला म्हणून लिहाल.

पाठवताना दोन्ही बाजूंनी वाचायला सांगा. एका बाजूने ७०० ते ९०० अक्षरं चांगली येतात, १५०० पूर्ण येत नाहीत. रिपोर्टमधली नुसती अक्षरं घेऊन बसू नका, क्रोमॅटोग्राम (अक्षरांच्या पीकचा आलेख) उघडून बघा, सुरुवातीची आणि शेवटची खराब अक्षरं कापा, मग दोन्ही जोडा.

पॅथलॅब_राजारामपुरी:
आमच्याकडे हॉस्पिटलमध्ये माल्डी टॉफ आहे, कॉलनीवरून काही मिनिटांत नाव देतं, प्रोटीनच्या पॅटर्नवरून. पण त्याचा डेटाबेस मुख्यतः पेशंटमधल्या जंतूंचा, रसातल्या मातीतल्या जंतूला कधीकधी नाव देत नाही, म्हणून तुमच्या प्रोजेक्टला १६एसच बरं.

एक स्वस्तातली टेस्ट सांगते, व्हँकोमायसिनची ३० मायक्रोग्रॅमची डिस्क ठेवून बघ. लूकोनोस्टॉक जन्मतःच रेझिस्टंट असतो, डिस्कला चिकटून वाढतो, झोनच येत नाही. स्ट्रेप्टोकोकाय दिसायला तसेच पण त्यांना झोन येतो. वायसेला (लूकोनोस्टॉकसारखाच दुसरा बॅक्टेरिया) पण रेझिस्टंट आहे हे मात्र ध्यानात ठेव. आमच्याकडे क्वचित एखाद्या फार आजारी पेशंटच्या ब्लड कल्चरमध्ये लूकोनोस्टॉक येतो तेव्हा याच गोष्टीवरून पहिली शंका येते.

करवीर_मायक्रो:
आले, आले, बँड आले!! सगळ्यांचे मनापासून आभार. एमआरएसवर कॉलन्या खरंच बारीक आल्या, पेलेट घट्ट बसला, आयसोप्रोपॅनॉल घातल्यावर गोळा नाही, नुसते धागे. २६०/२३० आता १.९. ३० सायकलला निगेटिव्ह कोरा आणि दोन्ही आयसोलेटला १५०० जवळ एकच जाड बँड. सर पण खूश झाले. डिस्कला दोघांना झोन नाही. सिक्वेन्स पण आले, दोन्ही बाजू जोडल्या, ब्लास्ट केलं, म्हणजे डेटाबेसशी जुळवून बघितलं. एक आयसोलेट लूकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस ९९.८ टक्के, दुसरा मला वाटलं तोच असेल पण तो वायसेला कन्फ्युजा ९९.७ टक्के! कॉलनी तर दोघांची सारखीच होती. आता पहिल्याला सबस्पीशीज (उपप्रजाती) मेसेंटेरॉइडिस असं लिहू का, ब्लास्टमध्ये वरचं नाव तेच येतंय.

शाहूपुरी_मॅडम:
शाब्बास. सबस्पीशीज लिहू नको. मेसेंटेरॉइडिसच्या सबस्पीशीजमध्ये १६एसचा फरक जवळजवळ नसतोच, वर आलेलं नाव केवळ यादीत आधी आलं म्हणून वर आहे. लूकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस इतकंच लिही आणि टक्का, किती अक्षरं जुळवली ते, कुठल्या टाइप स्ट्रेनशी (प्रजातीचा अधिकृत नमुना) जुळवली ते सगळं दे. ब्लास्टमध्ये टाइप मटेरियलचा पर्याय निवडून परत एकदा चालव, नाहीतर कुणीही चुकीचं नाव लावून टाकलेले सिक्वेन्स वर येतात. प्रजातीसाठी हल्ली साधारण ९८.७ टक्क्यांची रेषा धरतात, पूर्वी ९७ धरायचे, पण रेषेच्या वर गेलं म्हणजे प्रजाती सिद्ध झाली असं नव्हे, खाली गेलं तर मात्र वेगळी असण्याची शक्यता मोठी. बॅसिलस सिरियसच्या घरातल्यांना तर १६एस वेगळं करूच शकत नाही, तिथे दुसरे जीन बघावे लागतात.

वायसेला निघाला हे उत्तम झालं, हा बोनस आहे. तोही सुक्रोजपासून डेक्स्ट्रान करतो म्हणून कॉलनी सारखी. आर्जिनिनची टेस्ट लाव, वायसेला कन्फ्युजा अमोनिया देतो, लूकोनोस्टॉक देत नाही. दोघांना डरहॅम ट्यूब (गॅस पकडणारी छोटी उलटी नळी) लावून ग्लुकोजपासून गॅस पण बघ, दोघांनाही यायला पाहिजे. सिक्वेन्स आणि या टेस्ट एकमेकांशी जुळल्या की परीक्षकासमोर ठाम उभी राहशील.

करवीर_मायक्रो:
लावते मॅडम उद्याच. स्टॉक कसा ठेवू, प्लेटवर फ्रिजमध्ये ठेवलेलं मरतंय असं वाटतंय.

शाहूपुरी_मॅडम:
मरणारच, आम्ल करतो आणि त्यातच मरतो. एमआरएस ब्रॉथमधलं ताजं कल्चर, त्यात २० टक्के ग्लिसरॉल, उणे ८० ला. उणे २० च असेल तर दर थोड्या महिन्यांनी जिवंत आहे का ते बघत जा. सुक्रोजच्या ब्रॉथमधून स्टॉक करू नको, पिपेटने उचलता येणार नाही. दोन प्रती ठेव, एक सरांच्या फ्रीजरला, एक दुसऱ्या लॅबच्या, लाइट जाते आपल्याकडे. आणि ट्यूबवर नंबर, तारीख, गुऱ्हाळातली जागा लिही, पेन्सिलीने नाही, अल्कोहोलने न पुसणाऱ्या मार्करने.